आत्ता जाऊ की मे महिन्यात?

मिलिंद, तुझ्या पुण्यानुमोदनाला मी बोलले. रेखावहिनी म्हणाल्या, "यांच्या शाळेपासूनच्या तुम्हीच तेवढ्या आहात, तुम्ही बोला," आणि माईक माझ्या हातात आला. वरळीचा तो हॉल, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, समोर तुझा फोटो. तोच फोटो, ज्यात पुढचे दात दिसतात म्हणून तुला कधी आवडला नव्हता. मी दहा-बारा मिनिटं बोलले. एकदाही अडखळले नाही. पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. खाली उतरले तर तुझ्या खात्यातले एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, "मॅडम, काय बोललात! मिलिंदचं ट्रेनिंग दिसतं."

मला तिथल्या तिथे बसकण मारावीशी वाटली. तू शिकवलेलं जिथे वापरायला हवं होतं तिथेच मी वापरलं नाही, आणि त्या अख्ख्या हॉलमध्ये हे फक्त मला ठाऊक होतं. जानेवारीत तू मला एक प्रश्न विचारलास. एका ओळीचा. "नागपूरला पोरीकडे आत्ता जाऊ की मे महिन्यात?" मी म्हणाले, मे महिन्यात जा. मार्चमध्ये तू गेलास. तुझी नात चार महिन्यांची झाली होती आणि तू तिला फक्त फोनवर पाहिलं होतंस.

परवा दुपारपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुझ्याशी बोलते. तुझ्याशी नाही तर कुणाशी बोलू? लालबागच्या या घरात मी आणि फ्रीज, दोघंच आवाज करतो.

शाळेत आपलं फार काही पटायचं असंही नाही. तू वरळीच्या बीडीडी चाळीतला, मी लालबागची मालवणी, दोघांचे बाप गिरणीत, एवढंच सारखं. तू वर्गात उभं राहून धडे असे वाचायचास की बाई पुस्तक मिटून ऐकायच्या. मी गणितं सोडवायचे आणि कुणाला दाखवायचे नाही. पुढे तू वीज कंपनीत मीटर रीडर झालास, मी क्षयाच्या जंतूंवर संशोधन करत परळच्या प्रयोगशाळेत चिकटले. मध्ये कितीतरी वर्षं आपण एकमेकांना रस्त्यात दिसलो तर हात करायचो, बस्स.

मग गिरगावातलं ते व्याख्यान. 'क्षयरोग आणि आपण'. मी बावन्न स्लाइडी केल्या होत्या. बावन्न! आज आठवलं तरी कानशिलं तापतात. समोर पन्नासेक माणसं, त्यातले एक आजोबा दहाव्या स्लाइडलाच घोरायला लागले. तू शेवटच्या रांगेत होतास हे मला माहीतच नव्हतं. संपल्यावर जिन्यात गाठलंस.

"सुने, तू कुणाशी बोलत होतीस गं?"

"कुणाशी म्हणजे? लोकांशी."

"लोक माझ्या बाजूला बसले होते. तू पडद्याशी बोलत होतीस."

असा राग आला तुझा! म्हटलं, तू मीटरचे आकडे वाचतोस, मला काय शिकवतोस? तोंडावर म्हटलं. तू जराही चिडला नाहीस. म्हणालास, "हो ना. रोज शे-दीडशे दारं वाजवतो. प्रत्येक दारात माझ्याकडे एक मिनिट असतं. तेवढ्यात बिल का वाढलं ते सांगायचं असतं, तेही शिव्या न खाता. ये कधीतरी, दाखवतो."

तसं तू मला शिकवायला घेतलंस. माझ्याच चाळीत, माझ्याच आईच्या दारासमोरच्या गॅलरीत, रविवारी सकाळी. अटी तुझ्या. स्लाइड नाही, माईक नाही, उभं राहायचं नाही. बायका वाल सोलायला बसल्या की आपणही सुपापाशी बसायचं, मूठभर वाल पुढ्यात घ्यायचे आणि सोलता सोलता बोलायचं. "हातात काम असलं की माणूस खरं ऐकतो," तू म्हणायचास. "नुसतं मांडी घालून बसवलंस तर तो सभ्यपणा करतो." पहिल्या रविवारी माझ्या तोंडून 'प्रतिरोध' हा शब्द गेला आणि शेजारच्या राणेकाकी म्हणाल्या, "बाय माझे, ह्यां खंयचां गाव?" सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्यांदा तू.

आणि तुझी ती परतफेरी! हा शब्दही तुझाच. मी रविवारी बोलायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्या भागात रीडिंगला गेलास की तू दारादारांत सहज विचारायचास, "काय मग, त्या दिवशी ताई काय म्हणाल्या?" लोक सांगतील ते एका वहीत उतरवायचास, त्यांच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता. मग परळच्या हॉटेलात चहा मागवून ती वही माझ्यापुढे टाकायचास. मी काय सांगितलं याच्याशी तुला काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी घरी काय नेलं, एवढंच तू बघायचास. पहिल्या खेपेची एक नोंद मला पाठ आहे: 'ताईंची साडी झकास होती. थुंकी तपासायला सकाळची द्यायची.' मी कपाळाला हात लावला. तू म्हणालास, "अगं पास झालीस! बाकीच्यांना नुसती साडी आठवतेय."

नापासही झाले. चांगलीच. राणेकाकींच्या सुनेला क्षय निघाला, सुलभाला. मी गॅलरीत बसून सगळ्यांना समजावलं की औषध सुरू केल्यावर पंधरा दिवसांत बरं वाटायला लागतं, पण ते बरं होणं नाही, जंतू अजून आत असतात, सहा महिने गोळ्या सोडायच्या नाहीत. सुरेख बोलले असं मला वाटलं. सुलभाने तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडल्या. दोन महिन्यांनी पुन्हा ताप, पुन्हा खोकला, आणि आता आधीपेक्षा कडक औषधं. मी तरातरा काकींकडे गेले तर त्या माझ्यावरच खेकसल्या, "तूच सांगलंस मगे, पंधरा दिसात बरां वाटतां म्हणान!"

खरंच होतं की. तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. तू वही उघडून दाखवलंस, चार घरांत तेच लिहिलेलं होतं, पंधरा दिवसांत बरं. तू त्या दिवशी हसला नाहीस. म्हणालास, "'नाही' हा शब्द ना सुने, जिन्यातच गळतो. घरी उरलेलं वाक्य पोचतं. जे लोकांनी लक्षात ठेवायला नको ते आधी बोलायचंच कशाला?" मग आपण दोघांनी मिळून ते वाक्य पुन्हा बांधलं. 'गोळ्या सहा महिने. बरं वाटलं की तर नक्कीच घ्यायच्या.' एवढंच. त्या दोन वाक्यांना आपल्याला दोन संध्याकाळी लागल्या. सुलभा पुढे बरी झाली, पण तिच्या दंडावरच्या इंजेक्शनच्या खुणा बघितल्या की मला अजून मान खाली घालावीशी वाटते.

त्यानंतर मी सुधारले, असं तूच म्हणायचास. शीवला, दादरला, कुठे कुठे बोलवायला लागले. मी व्यासपीठावरून खाली उतरून बोलायला शिकले, प्रश्न आला की 'छान प्रश्न' न म्हणता उत्तर द्यायला शिकले. लोकांना वाटतं ही माझी देणगी आहे. देणगी कसली, दर रविवारी कानउघाडणी खाल्लीय मी.

एका गोष्टीवर मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. 'बहुतेक'. माझ्या प्रत्येक वाक्यात तो असायचा आणि तू तो खोडायचास. मी म्हणायचे, शास्त्र शंभर टक्के कशाचीच हमी देत नाही, दिल्यासारखं दाखवलं तर ते खोटं. तू म्हणायचास, "दारात उभ्या माणसाला उत्तर पाहिजे असतं. तू बहुतेक म्हणालीस की तो दार लावून घेतो." कोविडच्या लशीवरून तर जुंपलीच आपली. लोक तुला विचारायचे, लस घेतली की होणार नाही ना? मी म्हटलं, असं सांगू नकोस, होऊ शकतो, पण बहुतेकांना जोराचा होत नाही, हेच सांग. तू म्हणालास, एवढं लांबलचक मास्कच्या आतून कोण बोलणार? मी म्हटलं, मग बोलूच नकोस. आपण महिनाभर बोललो नाही.

नंतर रेखावहिनींकडून कळलं तू दारात काय सांगत होतास ते. "घ्या लस. मी घेतलीय. काही झालंच तर माझ्यावर राग काढा, पुढच्या महिन्यात रीडिंगला मी येतोच आहे." बस. खोटं काही नाही आणि बहुतेकही नाही. मला माझ्या सगळ्या पदव्यांसकट कुणी खाली बसवावं तसं झालं. मी तुला तेव्हा फोन करून सांगायला हवं होतं की तू माझ्याहून चांगलं सांगितलंस. केला नाही. महिन्याने तूच चहाला बोलावलंस आणि आपण दुसरंच काहीतरी बोललो. हेही राहिलंच रे.

तुझा खोकला दिवाळीआधीच सुरू झाला होता. नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून तू जरा गप्पच झाला होतास. "बाविसावा मजला, सगळी दारं बंद. कुणाला काय विचारू?" म्हणायचास. तुझ्या प्रज्ञाला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलेलं, वहिनींनी डिंकाचे लाडू करायला घेतलेले. मीच आडवी आले. म्हटलं, तुझ्या खोकल्याचं निदान होऊ दे, तोवर तान्हं बाळ या घरात नको. ते बरोबरच होतं, मी आजही तेच सांगेन. पण क्षय नव्हता. तुझं फुप्फुस आतून कडक होत चाललं होतं, कुणाला लागण्यासारखं काही नव्हतं, आणि हे कळेपर्यंत तिकडे नागपूरला मुलगी झालीसुद्धा होती.

जानेवारीत तू रिपोर्ट घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आलास. बाहेरच्या बाकावर बसलो. दोन पावलं चाललास तरी धाप लागत होती तुला. म्हणालास, "डॉक्टर चार मिनिटं इंग्रजीत बोलले. मी त्यांना म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे, ती मला समजावेल, तिला सांगा. त्यांचा फोन आला असेल ना?"

आला होता. आदल्या दिवशीच. डॉक्टर भले होते. म्हणाले, आजार झपाट्याने वाढतोय, फार महिने नाहीत, प्रवास करायचा असेल तर आत्ता, ऑक्सिजनचं छोटं यंत्र बरोबर घेऊन. उन्हाळ्यापर्यंतचं मी काही सांगू शकत नाही. आणि वर म्हणाले, "तुम्ही त्यांच्या भाषेत सांगा मॅडम. तुम्ही फार चांगलं सांगता असं ते म्हणाले."

आणि मी काय केलं? मी रिपोर्ट उलगडला आणि त्यातले शब्द तुला वाचून दाखवले. फायब्रोसिस. प्रोग्रेसिव्ह. तेच शब्द, जे उच्चारल्याबद्दल तू मला गॅलरीत सगळ्यांदेखत चिडवलं असतंस. तू ऐकून घेतलंस. मग मोबाइल काढून नातीचा फोटो दाखवलास, डोक्यावर एवढं जावळ, आणि म्हणालास, "फोनवर रोज बघतो गं, पण जावळाचा वास येत नाही. मला एवढंच सांग. नागपूरला पोरीकडे आत्ता जाऊ की मे महिन्यात?"

एका वाक्याचं उत्तर होतं. आत्ता जा. दोन शब्द. आपण सुलभासाठी बांधलं होतं त्याहूनही लहान. पण 'आत्ता जा' म्हटलं की तू 'का' विचारणार, आणि त्या 'का'पाशी मला तुझ्याबरोबर बसावं लागणार. माझ्याच्याने झालं नाही. म्हटलं, "थंडी उतरू दे. मे महिन्यात जा, तोवर बरं वाटेल तुला."

तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस. "नागपूरला? मे महिन्यात? अगं, मला भाजायला पाठवतेस की काय?"

मी हसले. हसले, मिलिंद! आणि वर म्हटलं, "बरं, मग जूनमध्ये जा."

आयुष्यभर 'बहुतेक'साठी तुझ्याशी भांडले, आणि तो जिथे निदान अर्धा खरा ठरला असता तिथे मी तुला चोख खोटं सांगितलं. तू रिपोर्टची घडी केलीस, खिशात ठेवलीस आणि म्हणालास, "चल, चहा पाज." त्यानंतर तू मला आजाराबद्दल पुन्हा विचारलं नाहीस. मी दर रविवारी यायचे, बाविसाव्या मजल्यावर तुझ्या पलंगापाशी बसायचे आणि प्रयोगशाळेतल्या गमती सांगायचे. सांगायला आठ रविवार होते माझ्याकडे. प्रत्येक वेळी लिफ्टमध्ये ठरवायचे, आज सांगायचं. दारात तू दिसलास की ते मागे पडायचं.

तुला कळलं होतं हे मला आता कळलंय. तू गेल्यावर पाचव्या दिवशी वहिनी चहा गाळता गाळता सहज म्हणाल्या, "रिपोर्ट दाखवून आले ना त्या दिवशी, तर म्हणाले, सुनी आज पडद्याशी बोलत होती." त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. मला विचारलं, "म्हणजे काय हो?" मी म्हटलं, काही नाही, आमची जुनी मस्करी.

आता मीही तुझ्यावर रागावलेय, ऐक. कळलं होतं तर तिकीट का काढलं नाहीस? प्रज्ञाने किती वेळा म्हटलं, मी येते बाळाला घेऊन. तू तिलाही म्हणालास, एवढ्या लांब तान्हं लेकरू आणू नकोस, मीच येतो मेमध्ये. मला खोटं पाडायचं नव्हतं तुला? की तुलाही त्या 'का'पाशी बसायचं नव्हतं? एकदा पुन्हा विचारायचं होतंस ना रे. दीडशे दारांत जाऊन लोकांना दुसऱ्यांदा विचारायचास, माझ्या दारात का नाही आलास? हे भांडण मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि समोर कुणी नाही. गेल्या रविवारी दादरला माझं व्याख्यान होतं. चांगलं झालं म्हणे. बाहेर पडल्यावर मी जिन्यात उगाच दोन मिनिटं थांबले. लोक बाजूने उतरून गेले. घरी आले, भात लावला, एकटीने जेवले. कुणाला काय कळलं, देव जाणे. म्हणजे, देव न मानणाऱ्या तुझ्या भाषेत, कुणालाच माहीत नाही.

परवा दुपारी प्रज्ञा आली. नातीला घेऊन. ती तुझ्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी विमानाने पोचली ते तुला माहीत नाही, नाही का? वेड्यासारखं लिहितेय मी. बाळ माझ्या पलंगावर झोपलं. दोन्ही बाजूंना उशा लावल्या. प्रज्ञा खाली भिंतीला टेकून बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आत्या, एक विचारू? बाबांना माहीत होतं का? आई म्हणते डॉक्टरांनी तसं काही सांगितलंच नाही. आणि बाबा मला फोनवर म्हणायचे, मेमध्ये येतो, सुनी म्हणालीय."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सुरुवात केली, "हे बघ, या आजाराचा कोर्स खूप व्हेरिएबल असतो, पेशंटप्रमाणे…" ती मान हलवत ऐकत होती. सभ्यपणाने. गिरगावातले लोक ऐकत होते तशी. मी थांबले. पंख्याचा आवाज येत होता. खाली भाजीवाला ओरडत होता.

मी तिच्या समोर जमिनीवर बसले. म्हटलं, "प्रज्ञा, तुझ्या बाबाचं फुप्फुस कडक होत होतं. श्वास आत घ्यायला जागा रोज थोडी कमी. त्याला औषध नव्हतं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की वेळ थोडा आहे, पोरीकडे जायचं तर आत्ताच जाऊ दे. त्याने मला विचारलं. मी त्याला मे महिन्यात जा म्हटलं. मी घाबरले होते. डॉक्टर चुकले नाहीत, मी चुकले."

बाळाने झोपेतच हात वर केला, पुन्हा खाली टाकला. तिने उशी सरकवून नीट केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हणजे फेब्रुवारीत बाबा आले असते?"

पळायला खूप वाटा होत्या, मिलिंद. एवढा प्रवास, थंडी, धूळ, यंत्राची बॅटरी, वाटेत काही झालं असतं तर. सगळ्या शास्त्राला धरून होत्या, एकही खोटी नव्हती.

"हो," मी म्हटलं. "आला असता. तिला मांडीवर घेतलं असतं त्याने."